पटकथाकार गदिमा

गेल्या मे महिन्यात देवास जिल्ह्यातील लोहारदा या गावी मामांकडे गेलो होतो. बरोबर एक वही होती. स्नेहसंमेलनासाठी एक छोटा चित्रपट करायचे ठरले होते. पटकथा मी लिहावी आणि कन्नड संवाद कन्नड विभागातील मित्राने लिहावेत, अशी वाटणी झाली होती. बारा ओळींचा आराखडा तयार होता. सावकाराचा मुलगा आणि कर्जदाराचा मुलगा यांचे वैर कसे मिटते, एवढीच गोष्ट. शेवटी दोघांचा एकमेकांवर विश्वास बसतो, अशी बारावी ओळ होती. पंधरा दिवस मी त्या ओळीपुढे बसून राहिलो. विश्वास बसताना दिसतो कसा, हे काही केल्या सुचेना.

मामांनी वही चाळली आणि 'दो आँखें बारह हाथ' पुन्हा एकदा नीट पाहायला सांगितले. चित्रपट मी लहानपणी पाहिला होता. लेखक कोण याकडे लक्ष गेले नव्हते. या वेळी नाव वाचले आणि थक्क झालो. ग. दि. माडगूळकर! आपल्याला गदिमा म्हटले की गीतरामायण आठवते. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललेली ती छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांच्या चाली घराघरांत पोहोचल्या. पण हाच कवी मराठी चित्रपटाचा एक मोठा पटकथाकार होता, हे आपण विसरतो.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. माडगुळे हे त्यांचे मूळ गाव. दोन्ही गावे माणदेशातील, म्हणजे पावसाने कायमची पाठ फिरवलेल्या मुलखातील. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध येथे झाले. मॅट्रिकची परीक्षा मात्र उत्तीर्ण होता आली नाही. घरची गरिबी होती. पोट भरण्यासाठी ते चित्रपटसृष्टीत शिरले. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली. काही काळ ते वि. स. खांडेकर यांचे लेखनिक होते. दुसऱ्याच्या मनातली गोष्ट कागदावर कशी उतरते, हे त्यांनी असे जवळून पाहिले. कॉलेजची पायरी न चढलेल्या या तरुणाला याहून चांगली शाळा कोणती मिळणार?

१९४२ च्या सुमारास त्यांना गीतलेखनाची संधी मिळाली आणि १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'ने त्यांचे नाव झाले. पुढच्याच वर्षी गांधीहत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत माडगुळ्याचे त्यांचे घर जळाले. तरीही गावाशी नाते तुटले नाही. शेतातल्या पत्र्याच्या खोपटात बसून ते लिहीत. बामणाचा पत्रा म्हणून ती जागा प्रसिद्ध आहे. 'पुढचं पाऊल', 'पेडगावचे शहाणे', 'लाखाची गोष्ट', 'ऊन पाऊस', 'जगाच्या पाठीवर' अशा पटकथा एकामागून एक आल्या. 'लाखाची गोष्ट'चे सूत्र एका ओळीत सांगता येते. ठरल्या मुदतीत लाख रुपये खर्चून दाखवायचे. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे सोपे वाटेल. पण त्या ओळीतून अडीच तासांचे हसू उभे करायचे म्हणजे खर्चाची एकेक नोंद प्रसंगात बदलावी लागते.

'दो आँखें बारह हाथ'चे बीज त्यांच्याच मुलखातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला स्वराज्य दिले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश अभियंते औंधला आले होते. हे गृहस्थ आधी बंगळूरला कारखान्यात होते, हे आमच्या कन्नड मित्रांना ऐकून आनंद वाटेल. त्यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि कुटुंबासह राहायचे.

आता याचा आराखडा करा. एक अधिकारी खुनी कैद्यांना उजाड माळावर नेतो, त्यांच्यावर विश्वास टाकतो आणि ती माणसे सुधारतात. तीन वाक्यांत सारे संपले. यात चित्र एकही नाही. माळ हा आराखड्यात एक शब्द असतो. पटकथेत तो खणावा लागतो, त्यातले दगड वेचावे लागतात, पाण्याची वाट पाहावी लागते. माणदेशच्या माणसाला हे कोणी शिकवायला नको होते. कैदी हाही नुसता शब्द. गदिमांनी सहा माणसे घेतली, म्हणजे बारा हात. समोर जेलर आदिनाथचे दोन डोळे. चित्रपटाचे नावच असे मोजून झाले.

आणि विश्वास? तो कोणी बोलून दाखवत नाही. आदिनाथ त्या सहा जणांबरोबर माळावर राहतो, राबतो. पिकवलेली भाजी ते बाजारात रास्त भावाने विकतात. लबाड व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते आणि मार खायची वेळ येते. हाणामारीत मुरलेले हे गडी त्या वेळी उलटा हात उगारत नाहीत. आराखड्यातल्या विश्वास या शब्दाचा तिथे प्रसंग झाला. आराखड्यात काय झाले ते लिहिलेले असते. पहिल्या खर्ड्यात ते कोणी, कुठे आणि कोणत्या कृतीने केले हे सांगावे लागते. स्वतःचे घर आगीत गेलेल्या माणसाने नऊ वर्षांनी खुन्यांच्या भलेपणाची गोष्ट लिहावी, याचेही मला फार नवल वाटते.

व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९५७ साली आला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान मिळाला. गदिमा १९६२ पासून बारा वर्षे विधान परिषदेचे सदस्य होते. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

लोहारद्याहून परतण्याच्या आदल्या रात्री मी बारावी ओळ खोडली. त्या जागी लिहिले, की सावकाराचा मुलगा गल्ल्याची किल्ली कर्जदाराच्या मुलाच्या हाती देतो आणि जेवायला घरी जातो. परत आल्यावर तो गल्ला मोजत नाही. मग मात्र लेखणी थांबली नाही. पहिला खर्डा तेवीस पानांचा झाला आहे. कन्नड विभागातल्या मित्राने त्यातली निम्मी पाने खोडली, पण किल्लीच्या प्रसंगाला हात लावलेला नाही.