दगडातली पाने वाचणारे बिरबल साहनी

बिरबल म्हटलं की आपल्याला अकबर बादशहाचा बिरबल आठवतो. पण हे बिरबल वेगळे. हे फार मोठे शास्त्रज्ञ होते.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील रुचिराम हे लाहोरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. सुट्टीत ते मुलांना हिमालयात पायी फिरायला नेत. बिरबलला तेव्हापासून झाडपाल्याचा नाद लागला. पुढे ते इंग्लंडात केंब्रिजला शिकले. परत आल्यावर १९२१ साली ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांनी दगड झालेल्या झाडांचा अभ्यास केला. फार फार वर्षांपूर्वी एखादं पान तळ्यात पडलं, त्यावर गाळ बसला, गाळाचा दगड झाला, की पानाचा ठसा शिरांसकट दगडात राहतो. त्याला जीवाश्म म्हणतात.

पान ओळखायचं तर त्याचा आकार, कडा आणि शिरा बघतात. ग्लॉसोप्टेरिस नावाचं पान जिभेसारखं असतं. मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी. हे पान आपल्या नागपूरजवळ कामठीकडच्या दगडात सापडते आणि बर्फाच्या अंटार्क्टिकातही सापडते. म्हणजे तिथेही एकेकाळी झाडे होती!

पानावरून हवासुद्धा कळते. गरम प्रदेशात आंब्या-वडासारखी सरळ कडेची पाने जास्त असतात. थंडीच्या प्रदेशात करवतीसारख्या कडेची जास्त असतात. पण आपल्या कडुनिंबाची पाने कातरलेलीच असतात. म्हणून एका पानावरून ठरवत नाहीत, पुष्कळ जातींची पाने बघतात.

मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचे गाव आहे. तिथल्या दगडात निपा नावाच्या ताडासारख्या झाडाची फळे सापडली. निपा खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढते. आज तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. त्यावरून साहनींनी सांगितले की त्या काळी समुद्राचे पाणी तिथवर जवळ आले असले पाहिजे. १९३६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

या अभ्यासासाठी भारतात एक संस्था व्हावी ही त्यांची फार इच्छा होती. त्यासाठी त्यांनी व पत्नी सावित्रीबाईंनी स्वतःचा पैसा, पुस्तके आणि गोळा केलेले जीवाश्म देऊन टाकले. कोनशिला त्यांनी जीवाश्म बसवून तयार केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली. पण एकच आठवडा गेला आणि १० एप्रिलला साहनी वारले. इमारत त्यांना बघायला मिळाली नाही.

सावित्रीबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी काम हाती घेतले आणि १९५३ साली नवी इमारत सुरू झाली. लखनौची ती संस्था आजही साहनींच्या नावाने चालू आहे.

मित्रांनो आणि पालकांनो, विहीर खणताना पानाचा ठसा असलेला दगड निघाला तर फोडू नका. शाळेत गुरुजींना आणून दाखवा. त्या दगडात आपल्याच गावाची जुनी हवा लिहिलेली असेल.

— इयत्ता ४ थी