हातांना शाळेत आणणारा गणिती

इंजिनियर व्हायचे तर आधी शाळेत भरपूर गणिते सोडवावीत, मग महाविद्यालयात जाऊन यंत्रांची ओळख करून घ्यावी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. रंधा, हातोडी, कानस यांना त्यापूर्वी हात लागला नाही तरी कोणाचे काही अडत नाही. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही हाच समज रूढ होता. त्याला धक्का दिला तो एका गणिताच्या प्राध्यापकाने. त्यांचे नाव कॅल्व्हिन मिल्टन वुडवर्ड.

वुडवर्ड यांचा जन्म १८३७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फिचबर्ग या गावी झाला. १८६० मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते शिक्षक झाले. यादवी युद्धात काही काळ सैनिकी सेवा केल्यावर १८६५ मध्ये ते मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस शहरी वॉशिंग्टन विद्यापीठात आले आणि तेथेच रमले. ईड्स या इंजिनियरने बांधलेला प्रसिद्ध पूल १८७४ मध्ये याच शहरात खुला झाला. त्या पुलाचा बृहद् इतिहास वुडवर्ड यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. कागदावरचे गणित आणि नदीवर उभे राहिलेले पोलाद यांचे नाते त्यांनी इतक्या जवळून पाहिले होते.

पण त्यांचे डोळे उघडले ते एका साध्या प्रसंगाने. यंत्रशास्त्र शिकवताना एक तत्त्व नीट समजावे म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना लाकडाच्या प्रतिकृती करायला सांगितल्या. मुले हुशार होती; समीकरणे चटकन मांडीत. परंतु साधी हत्यारे कशी धरावीत हेच त्यांना ठाऊक नव्हते. प्रतिकृती बाजूला राहिल्या आणि आधी सुतारकाम शिकवणे भाग पडले. उद्याच्या इंजिनियरांचे हात इतके अडाणी असतील तर दोष महाविद्यालयाचा नाही, त्याआधीच्या शाळेचा आहे, हे वुडवर्ड यांनी ओळखले.

हस्तकौशल्य शिकवायचे कसे, याचे उत्तर रशियातून आले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयाने आपली पद्धत मांडली होती. व्हिक्टर देला-वोस यांनी प्रत्येक कारागिरीचे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे धडे पाडले होते. व्याकरण शिकवावे तसे हत्यार शिकवता येते, हे त्यावरून दिसले. जे उमेदवारीत वर्षानुवर्षे पाहून पाहून उचलावे लागे, ते आता वर्गात क्रमाने शिकवणे शक्य झाले.

१८७९ मध्ये विद्यापीठाने वुडवर्ड यांच्या प्रेरणेने मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलची स्थापना केली आणि १८८० मध्ये ते प्रत्यक्ष सुरू झाले. चौदा वर्षांवरील मुलांसाठी तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम होता. गणित, विज्ञान, भाषा व रेखाटन यांच्या जोडीला रोज सुमारे दोन तास कार्यशाळेत जात. पहिल्या वर्षी लाकूडकाम, दुसऱ्या वर्षी लोहारकाम, तिसऱ्या वर्षी यंत्रशाळा, असा क्रम होता. मुलांनी केलेल्या वस्तू विकायच्या नाहीत, असा वुडवर्ड यांचा कटाक्ष होता. विक्री सुरू झाली की ज्याला जे जमते तेच त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले जाते आणि शाळेचा कारखाना होतो.

विरोधही जोरदार झाला. सेंट लुइसच्या शाळांचे माजी अधीक्षक विल्यम टॉरी हॅरिस हे तत्त्वज्ञ होते. शाळेने मुलाला भाषा, गणित, इतिहास ही मानवी संस्कृतीची दारे उघडून द्यावीत. रंध्याने ती उघडत नाहीत, असे त्यांचे मत होते. वुडवर्ड यांनी हॅरिस यांच्या दारांपैकी एकही बंद केले नाही. आणखी एक उघडले. सुतार घडवणे हा त्यांचा हेतू नव्हता. पुढे इंजिनियर, व्यापारी वा वकील कोणीही होणाऱ्या मुलाचे शिक्षण हातांवाचून अपुरे राहते, असे ते मानीत. लवकरच शिकागो, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया येथेही अशा शाळा निघाल्या.

त्यांच्या कार्याला मर्यादा होत्याच. ही शाळा फी घेणारी होती आणि ती केवळ मुलग्यांसाठी होती. १९१४ मध्ये वुडवर्ड वारले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१७ मध्ये, स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणाला केंद्रीय अनुदान मिळाले. पण त्यामुळे व्यवसायशिक्षणाचा प्रवाह सामान्य शिक्षणापासून वेगळा वाहू लागला. कार्यशाळेत जाणारा मुलगा महाविद्यालयाकडे पुन्हा वळणे अवघड झाले. जे दोन हात वुडवर्ड यांनी एका वर्गात आणले होते, त्यांतला लेखणीचा एकीकडे आणि हत्याराचा दुसरीकडे गेला.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावीपासून व्यवसायांचा परिचय सुचवला आहे. तरीही हाताने करायचे काम ‘ढ’ मुलांच्या वाट्याचे, ही समजूत आपल्या घराघरांत टिकून आहे. कलाशाखेच्या आपण विद्यार्थ्यांनी वुडवर्ड यांची आठवण ठेवायची ती यासाठी. श्रमाला प्रतिष्ठा हवी, असे निबंधात लिहिणे सोपे आहे. त्या श्रमाला रोजच्या वेळापत्रकात दोन तास देणे, आणि तेही वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलासकट सर्वांना, हे अवघड काम एका गणिताच्या प्राध्यापकाने करून दाखवले.