सुब्बाराव आणि आठवड्याची गोळी

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह. तो स्टिरॉइडने आटोक्यात येईना, की प्रतिकारशक्तीला लगाम घालणारे मेथोट्रेक्झेट अनेकदा दिले जाते. या औषधाचा उगम डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या कामात आहे.

त्यांचा जन्म १८९५चा, आंध्रातील भीमावरमचा. स्प्रू या आतड्यांच्या रोगाने त्यांचा भाऊ गेला. मद्रासला शिकताना खादीचा गाऊन घालून ते शस्त्रक्रियेला उभे राहिले. इंग्रज प्राध्यापकांचा रोष झाला आणि एमबीबीएसऐवजी दुय्यम एलएमएस पदवी हाती आली. पुढे हार्वर्डमध्ये स्नायूंतील ऊर्जेवर मोलाचे संशोधन केले, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. १९४०मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले.

तिथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड बनवले. स्प्रूवर उपयोगी ठरलेले हेच जीवनसत्त्व! मग त्याच्यासारखेच दिसणारे, पण त्याचे काम रोखणारे रेणू तयार झाले. अमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले गेले. मेथोट्रेक्झेट त्याचेच भावंड. १९४८मध्ये, अवघ्या ५३व्या वर्षी सुब्बाराव गेले. डोळ्यांसाठी हे औषध वापरात आलेले त्यांनी पाहिले नाही.

डोळ्यांसाठी मात्रा थोडी, तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी घटून जिवावर बेतते. म्हणून वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा, रक्ताची व यकृताची तपासणी चुकवू नये. त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिली जाणारी दुसरी गोळी असते फॉलिक ॲसिडची, म्हणजे तीही सुब्बारावांचीच.