पंडिता रमाबाई : चरित्र आणि निवाड्याचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा परिचय करून घेताना ‘स्त्रीधर्मनीति’ आणि ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथांच्या लेखिका म्हणून पंडिता रमाबाई यांचे नाव आपल्यासमोर आले असेल. प्रस्तुत घटकात त्यांचे चरित्र आपण एका प्रश्नाच्या अनुरोधाने वाचणार आहोत. ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या माणसाचा निवाडा करावा काय, आणि करायचा तर कोणत्या मर्यादेत? ख्रिस्ती धर्मविचारात हा प्रश्न जुना आहे आणि त्याला एकच एक सरळ उत्तर नाही. डोंगरावरील प्रवचनात येशूने दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातील मुसळाची आठवण दिली. तोच येशू शास्त्री-परूश्यांच्या दांभिकपणावर अत्यंत कठोर शब्दांत तुटून पडतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना बाहेरच्यांचा न्याय देवाकडे सोपवला. मंडळीतील उघड अनाचाराकडे मात्र डोळेझाक करू दिली नाही.

या गोंधळामागे भाषेचाही थोडा भाग आहे. नव्या करारातील ‘क्रिनो’ हे ग्रीक क्रियापद वेगळे करणे, ठरवणे, न्याय देणे आणि दोषी ठरवणे इतक्या अर्थांवर पसरलेले आहे. मराठीत या प्रत्येक छटेसाठी वेगळा शब्द मिळतो. प्रचलित मराठी बायबलने डोंगरावरील प्रवचनात ‘दोष काढणे’ हा शब्दप्रयोग स्वीकारला, म्हणजे अनुवादकाने अनेक छटांतील एक निवडून दिली. आपला ‘निवाडा’ हा शब्द पाहा. तो ‘निवडणे’ या क्रियापदापासून आला आहे. धान्यातले खडे निवडणे आणि वादाचा निवाडा करणे यांचे मूळ एकच. खडे निवडणाऱ्या बाईला धान्य टाकून द्यायचे नसते. पुढील चरित्र वाचताना हा अर्थ ध्यानात ठेवावा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, अरण्यातील एका आश्रमात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, आणि एवढ्या एका कृत्याबद्दल त्यांना उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. म्हणजे रमाबाईंच्या जन्मापूर्वीच त्यांच्या घराने धर्मसभेचा निवाडा अनुभवला होता. अनंतशास्त्री स्वतः सनातनी होते, ही गोष्ट विसरू नये. त्यांनी पत्नीला आणि मुलीला काव्य-व्याकरण शिकवले, तरी वेद शिकवले नाहीत.

पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे कुटुंब १८७० नंतरच्या दुष्काळात उद्ध्वस्त झाले. आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. उरलेले दोघे, रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने द्यावीत म्हणून त्या स्मृतिग्रंथ वाचू लागल्या, तेव्हा एक गोष्ट त्यांना खटकली. हे ग्रंथ एरवी परस्परांशी भांडतात. स्त्री आणि शूद्र यांच्या अपात्रतेविषयी मात्र त्यांचे एकमत आहे. अपराध घडण्यापूर्वीच, केवळ जन्मावरून दिलेला हा निकाल होता.

बंधूंच्या निधनानंतर १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी. दोन्हीकडून बहिष्कार आला. १८८२ च्या आरंभी पती पटकीने वारले आणि तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढील साक्ष आणि ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन हे सारे त्याच वर्षातले. वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत पुढे सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. या संघाच्या भगिनींशी त्यांची ओळख पुण्यातच झाली होती.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने चरित्रातील कळीचा प्रसंग येथे येतो. लंडनजवळील फुलम येथे या भगिनी ज्यांना समाज पतित म्हणतो अशा स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. रमाबाई तो पाहण्यास गेल्या. तेथे त्यांना कोणी कोणाला तुच्छ लेखताना दिसले नाही. धर्मशास्त्रांनी अशा स्त्रीसाठी सांगितलेल्या कठोर शिक्षा त्यांना मुखोद्गत होत्या. हे वर्तन त्यांना सर्वस्वी नवे होते. याचे कारण विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. या कथेत येशू विहिरीवर एका परक्या आणि तिरस्कृत स्त्रीशी बोलतो, तिच्या आयुष्यातील सत्य झाकत नाही आणि तरी तिला दूर लोटत नाही. रमाबाईंच्या धर्मांतरामागे नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांचे तर्कशुद्ध लेखनही होते. माझ्या मते मात्र निर्णायक ठरली ती फुलमची भेट. बुद्धीला पटलेला धर्म त्यांनी तेथे वागण्यात पाहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासोबत इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी वाँटेज येथे स्वतःचे जीवन संपवले होते. त्या दुःखाची छाया या बाप्तिस्म्यावर आहे, हे चरित्रकाराने टाळू नये.

महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी रमाबाईंना दोष दिला. त्यांची बाजू घेणाऱ्यांत जोतीराव फुले प्रमुख होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले. हिंदू समाजाचा रोष अपेक्षितच होता. अनपेक्षित होता तो ज्यांच्या दयेने त्यांना जिंकले त्याच मंडळींचा निवाडा.

वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. माय-लेकी त्यांना आजीबाई म्हणत. दोघींतील पत्रव्यवहार वाचताना प्रेम आणि परीक्षा यांची सरमिसळ जाणवते. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत, तेव्हा हा जातीचा अभिमान तर नव्हे, असा संशय येतो. क्रुसावरील लॅटिन अक्षरे त्यांना नको असतात. त्याऐवजी संस्कृत का नको, असे त्या विचारतात. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे अशी कल्पना पुढे येताच भारतातील बिशपांनी आक्षेप घेतला; त्यामुळे हिंदुस्थानात त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे त्यांचे म्हणणे. पुरुषांच्या भर सभेत शास्त्रचर्चा केलेल्या या विदुषीला हा सल्ला किती विचित्र वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकता.

सर्वांत तीव्र मतभेद त्रैक्याच्या सिद्धांतावरून झाला. तो सिद्धांत रमाबाईंना त्या काळी स्वीकारता येईना आणि त्यांनी ते लपवले नाही. जेराल्डिन यांना यात अहंकार व स्वैरपणा दिसला. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा, की हिंदुस्थानातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही. आपण ख्रिस्ताच्या आहोत याविषयी त्यांना शंका नव्हती. आपल्या सद्सद्विवेकावर निकाल देण्याचा भगिनीसंघाचा किंवा बिशपांचा अधिकार त्यांना मान्य नव्हता. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्या. जेराल्डिन मतावरून स्वभावाकडे जातात. रमाबाई बहुधा मताला मतानेच उत्तर देतात आणि जेराल्डिन यांच्या हेतूविषयी शंका घेत नाहीत. मतभेदाने त्यांचे नाते तुटले नाही. मनोरमेच्या शिक्षणाची काळजी पुढेही जेराल्डिन यांनी वाहिली, आणि ही सारी पत्रे, स्वतःची बाजू उणी पडते अशीसुद्धा, त्यांनीच सांभाळून ठेवली. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रकाशित केला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथून निधी व पाठबळ घेऊन परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. कोणाच्याही धर्मात हस्तक्षेप होणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपला धर्म लपवून जगणे रमाबाईंना अशक्य होते, हे खरे. पण अन्न, वस्त्र आणि माया ज्या एका व्यक्तीकडून मिळते, तिच्या खोलीचे उघडे दार निराधार बालविधवेसाठी केवळ उघडे दार राहत नाही. रानडे-भांडारकरांची हरकत निव्वळ धर्माभिमानाची नव्हती. तिला न्याय्य आधार होता. रमाबाईंच्या भक्तांनी ही बाजू अनेकदा झाकली आहे.

रमाबाई स्वतः इतरांविषयी निर्णय देत नव्हत्या काय? देत होत्या, आणि निर्भयपणे देत होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातील सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी दुर्दशा झाली, आणि त्यांच्या आश्रमातील एका मुलीवर जे ओढवले, त्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे नाकारले. राज्यकर्ते ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती, आणि परकीय देणग्यांवर चालणारी तिची संस्था. गप्प बसणे किती सोयीचे होते! परंतु सत्तेच्या कृत्याची पारख करणे आणि एखाद्या दुबळ्या माणसाला कायमचे दोषी ठरवणे या गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत.

हे संतुलन त्यांना सर्वत्र राखता आले असे मात्र नाही. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला उत्कट वळण मिळाले. त्यानंतरच्या लेखनात हिंदू धर्माविषयी त्या अधिकाधिक कठोर होत जातात. वेदान्ताने भारावलेल्या पाश्चात्य स्त्रियांना त्या पुरी, काशी, मथुरा येथील विधवांचे हाल पाहण्यास सांगतात. तो आग्रह अनुभवातून आलेला आहे. वृंदावनातील विधवांची स्थिती त्यांनी यात्रेकरूच्या वेषात जाऊन पाहिली होती. पण एखाद्या परंपरेतील अन्याय दाखवणे आणि त्या परंपरेत काही चांगले उरलेच नाही असे सुचवणे यांत अंतर आहे. ज्या वडिलांनी त्यांना संस्कृत दिले तेही त्याच परंपरेतले होते.

लेखनात न साधलेली मर्यादा त्यांच्या कामात मात्र दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली-स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. जात विचारली जात नव्हती. अंध व वृद्ध स्त्रियांसाठी सोय होती. समाजाने पतित म्हटलेल्या स्त्रियांसाठी वेगळी वास्तू होती आणि तिचे नाव कृपासदन. भाषेचे अभ्यासक म्हणून या नावापाशी क्षणभर थांबा. ‘पतित’ हा शब्द राहणाऱ्या स्त्रीवर शिक्का मारतो. ‘कृपा’ हा शब्द तिच्याविषयी काहीच म्हणत नाही. तिला जे मिळायचे आहे ते सांगतो. फुलममध्ये पाहिलेले रमाबाईंनी दौंडच्या माळावर मराठीत आणले ते असे.

१९०५ मध्ये मुक्तीमध्ये धार्मिक जागृतीची लाट आली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, स्वतःचे अपराध सर्वांसमोर कबूल करीत. काही मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. रमाबाईंनी तो प्रकार थांबवला नाही.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी अनुवादाला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केल्या. रूढ भाषांतर खेड्यातील बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले. दुष्काळात रस्त्याकडेला सापडलेल्या, घरातून हाकललेल्या आणि कृपासदनात आलेल्या स्त्रियांच्या शाळेतून तयार झालेल्या हातांनी त्याची पाने जुळवली होती.