कामगाराला विषाचे नाव कळले पाहिजे : डॉ. ॲलिस हॅमिल्टन

कामगारांच्या हक्कांविषयी बोलताना डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. ते घेतले जावे, असे आम्हाला वाटते.

२७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या ॲलिस १८९३ साली मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. १८९७ मध्ये त्या शिकागोला आल्या आणि हल हाऊस या सेवाकेंद्रात, परदेशातून आलेल्या मजुरांच्या वस्तीत राहू लागल्या. धडधाकट माणसे कारखान्यात जात आणि काही काळाने खंगून घरी बसत. कशामुळे, हे त्यांना कोणी सांगत नव्हते. अनेकांना इंग्रजीही येत नव्हते.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने धंद्यातून होणाऱ्या आजारांची पाहणी त्यांच्याकडे सोपवली. त्यांनी स्वतः शिशाचा शोध घेतला. बाथटबला इनॅमल देणारा एक पोलिश कामगार शिशाच्या विषबाधेने आजारी होता. कारखान्यात मात्र त्यांना फक्त वरवरचे रंगकाम दाखवण्यात आले. मग त्या थेट त्या कामगाराच्या घरी गेल्या. इनॅमलचे खरे काम दुसऱ्याच जागी, तापलेल्या टबवर भुकटी चाळून होते, हे तिथे कळले. भुकटी तपासली, तर शिसे निघाले. मालकाने लपवलेले कामगाराने सांगितले आणि प्रयोगशाळेने सिद्ध केले.

१९११ मध्ये इलिनॉयने कायदा केला. धोकादायक कामांत संरक्षणाची साधने आणि दरमहा वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली.

१९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. तरीही अध्यापकांच्या क्लबात त्यांना प्रवेश नव्हता आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत स्थान नव्हते. १९२५ मध्ये पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याला त्यांनी उघड विरोध केला. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच डिसेंबरात अमेरिकेत कामगार सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

आपल्याकडे १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायदा बदलला. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि परिसरातील लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले.

पण ड्रमवरचे लेबल इंग्रजीत आणि झाकण उघडणारा कंत्राटी कामगार फक्त मराठी किंवा हिंदी वाचणारा असेल, तर ती माहिती कोणाला मिळाली? एमआयडीसीत काम करणारी मुले आपल्या वस्त्यांतही आहेत. ड्रममध्ये काय आहे, अंगावर पडले तर काय करायचे, हे त्यांना त्यांच्या भाषेत मिळावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लेखी करावी. ॲलिसबाईंचे काम आम्ही असेच पुढे नेऊ शकतो.