बेसिकचे जनक जॉन केमेनी

मायक्रोसॉफ्टने ‘व्हिज्युअल बेसिक ६’ या संगणकभाषेचा नियमित सपोर्ट ३१ मार्च २००५ रोजी बंद केला, तेव्हा जगभरातील असंख्य प्रोग्रामर हवालदिल झाले. २००२ साली आलेली नवी आवृत्ती नावाने तीच असली, तरी जुने प्रोग्रॅम तिच्यात जसेच्या तसे चालत नव्हते. वर्षानुवर्षांचे काम पुन्हा लिहायचे, की मोडकळीला आलेल्या घरातच राहायचे, असा हा पेच होता. खुद्द कंपनीने गौरवलेल्या शंभराहून अधिक जाणकारांनी विनंतीपत्रावर सह्या केल्या. निर्णय मात्र बदलला नाही.

या भाषेचे मूळ रोप लावणारे गणितज्ञ जॉन केमेनी त्यापूर्वीच निवर्तले होते. पण आपली भाषा आपल्याच हातून निसटताना पाहण्याचे दुःख त्यांनीही भोगले होते.

केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी बुडापेस्टमधील ज्यू कुटुंबात झाला. नाझींचे सावट गडद होऊ लागताच हे कुटुंब १९४० साली न्यूयॉर्कला आले. आजोबांनी देश सोडण्यास नकार दिला. ते त्या संहारात बळी पडले. इंग्रजी जवळजवळ न येणारा हा मुलगा तीन वर्षांत शाळेत पहिला आला आणि प्रिन्स्टनमध्ये दाखल झाला. १९४५ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात आकडेमोड करत होता. पंचकार्डांची यंत्रे तिथे अहोरात्र खडखडत. पुढे अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा गणिती साहाय्यक होण्याचा मानही त्यांना मिळाला.

१९५३ साली केमेनी न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ कॉलेजात आले. त्या काळी संगणक ही मूठभर तज्ज्ञांची मिरास होती. साहित्य वा इतिहास शिकणाऱ्या मुलांनाही तो वापरता आला पाहिजे, हा केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांचा ध्यास होता. त्यातून १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास बेसिकचा पहिला प्रोग्रॅम चालला. यंत्रणेचा बराचसा भाग पदवीच्या विद्यार्थ्यांनी उभारला होता, हे विशेष. संगणकाशी बोलणे ‘हॅलो’ने सुरू होई आणि ‘गुडबाय’ने संपे. लॉस अलामॉसमध्ये वर्षभर चाललेली आकडेमोड आता डार्टमथचा एखादा विद्यार्थी दुपारभरात उरकेल, असा केमेनी यांचा हिशेब होता.

भाषा त्यांनी मुक्तहस्ते जगाला देऊन टाकली. १९७० ते १९८१ या काळात ते डार्टमथचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९७२ साली, तिथे मुलींना प्रवेश मिळाला. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतील अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही १९७९ साली त्यांच्याकडेच आले. एवढ्या व्यापातही त्यांनी वर्गात शिकवणे सोडले नाही.

दरम्यान बेसिक घरोघरच्या छोट्या संगणकांत शिरली होती. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी तिचा एक अवतार ‘अल्टेअर’साठी लिहिला. भारतात १९८४ साली शाळांमध्ये आलेल्या बीबीसी संगणकांतूनही मुलांची तिच्याशी गाठ पडली. मात्र अपुऱ्या मेमरीत बसवण्यासाठी प्रत्येकाने तिची आपापल्या परीने काटछाट केली होती. डार्टमथमध्ये दरम्यान सुघड, प्रगल्भ झालेली भाषा बाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. बाहेरच्या या रांगड्या बेसिकवर केमेनी मनापासून चिडत. १९८३ साली कर्ट्झ यांच्यासह त्यांनी ‘ट्रू बेसिक’ ही कंपनी काढून शुद्ध भाषा बाजारात आणली. पण तोवर लोकांचे हात दुसऱ्याच वळणाला पडले होते. सवयीची भाषा सोडून जनकाच्या भाषेकडे यायला फारसे कोणी तयार झाले नाही. २००५ सालच्या प्रोग्रामरांचे दुखणे याहून वेगळे नव्हते. फरक इतकाच, की केमेनी यांच्याकडे कोणाचा सपोर्ट बंद करण्याची सत्ता नव्हती.

‘व्हिज्युअल बेसिक’ची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर १९९२ रोजी, केमेनी यांचे निधन झाले. वय ६६ होते. आवृत्ती ६ चा उरलासुरला सपोर्टही ८ एप्रिल २००८ रोजी संपला. तिच्यात लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम त्यानंतरही नव्या विंडोजवर निमूटपणे चालत राहिले. कर्ट्झ यांना मात्र दीर्घायुष्य लाभले. नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.