मराठीला व्याकरणाची चौकट देणारे दादोबा

मोर्शी - संत्र्याच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मोर्शी तालुक्यातील शाळकरी मुलाला शब्दांच्या जाती किती, असे विचारले, तर तो आठ असे उत्तर देतो. या आठ जातींचे मूळ मात्र इंग्रजी व्याकरणात आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ही चौकट मराठीत रुजविली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी.

दादोबांचा जन्म १८१४ मध्ये मुंबईत झाला. सरकारी शाळांतून मराठी शिकविले जाऊ लागले होते. परंतु शिक्षकाच्या हाती देता येईल असे नेटके व्याकरण नव्हते. १८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे नमुना होता तो लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे यांनी शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. त्यांतील ‘आर्टिकल’ मराठीत नाही. ते वगळले की उरतात आठ. इंग्रजीत नामाआधी येणारा शब्द मराठीत नामामागून जोडला जातो, म्हणून तो शब्दयोगी अव्यय ठरला.

संस्कृत परंपरेत नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच भाग मानले जात. त्यामुळे परक्या भाषेचा साचा मराठीवर लादला गेला, असा आक्षेप पुढे घेतला गेला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या मतांची कठोर चिकित्सा केली. दादोबांनीही आपला ग्रंथ अंतिम मानला नाही; १८५० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी त्यात मोठी भर घातली. मराठीचे पाणिनी ही ओळख त्यांना याच ग्रंथाने मिळवून दिली.

दादोबा केवळ वैयाकरण नव्हते. सुरत येथे शिक्षक असताना १८४४ मध्ये स्थापन झालेल्या मानवधर्म सभेत आणि पुढे मुंबईत जातिभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या परमहंस सभेत ते अग्रभागी होते. अहमदनगरला त्यांनी डेप्युटी कलेक्टर म्हणून काम केले. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधू. दादोबांचे निधन १८८२ मध्ये झाले.

त्यांचा ग्रंथ निघाला तेव्हा मोर्शीसह वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर शाळांबरोबर पुस्तकी मराठीचे नियमही येथे पोचले. घरी ‘काय करून राहिला’ असे बोलणाऱ्या मुलाला शाळेत ‘काय करीत आहेस’ असे लिहावे लागले. नियमांनी मराठीला एकसारखे लेखन दिले. वऱ्हाडी बोलीला मात्र वर्गाच्या दाराबाहेर थांबावे लागले. दादोबांच्या कार्याचे मोल मोजताना या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात. तरीही मोर्शीतील विद्यार्थी जेव्हा इंग्रजीचे पहिले धडे गिरवितो, तेव्हा नाम, सर्वनाम, क्रियापद हे शब्द त्याला आधीच ओळखीचे असतात. ही ओळख घडविण्याचे श्रेय दादोबांच्या त्या पहिल्या ग्रंथाकडे जाते.